छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय : आधी ट्रॅक्टर ठरवू की आधी अवजारं?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. चार एकर जागा आहे, पण मी शेतकरी नाही हे आधीच सांगून टाकतो. नांगरणी-पेरणी करायची नाही. सव्वा एकरात फळझाडं, बाकी बहुतेक गवत, मधून तीनेकशे मीटरचा खडीचा रस्ता आणि मागच्या बाजूला एक उतार. आजवर खांद्यावरचा ग्रासकटर आणि एकचाकी ढकलगाडी यांवर भागवलं. आता एका टोकाचं गवत कापत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं पुन्हा गुडघ्याला लागतं. कंबरेने तर कधीच हात टेकले.

कामं म्हणाल तर गवत कापणं, रस्त्याचे खड्डे बुजवून तो सारखा करणं, माती-खत-खडी इकडून तिकडे नेणं, कुंपणाच्या खांबांसाठी दीडेकशे खड्डे, आणि वाळलेल्या फांद्या ओढून आणणं. १८, २५ आणि ३५ एचपी असे तीन पर्याय डोक्यात आहेत. प्रत्येक विक्रेता आपलाच ट्रॅक्टर कसा बरोबर ते पटवतो आणि घरी येईपर्यंत मला ते पटलेलंही असतं. काय घेऊ?

गंजलेला नट

३५ घ्या आणि विषय संपवा. ताकद जास्त झाली म्हणून रडणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

दोन पान्हे

मग मला पाहा, नट. मी रडलोय.

मोठा ट्रॅक्टर घेतला आणि तो शेडच्या दारातून आत जाईना. माझी मान आत गेली, पण मागची रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान) चौकटीला अडली. ती दुमडून कसाबसा आत घातला. दुसऱ्या आठवड्यात झाडांखाली गेलो तर एका आडव्या फांदीने सायलेन्सर मागे वाकवला. फांदी तशीच होती, बरं का. शेवटी झाडांखालचं गवत जुन्याच ग्रासकटरने कापत बसलो आणि ट्रॅक्टर बाहेरून बघत उभा.

धागाकर्ते, एचपी बाजूला ठेवा. एक टेप घ्या आणि चार मापं आणा: फाटकाची रुंदी, शेडच्या दाराची उंची, झाडांच्या दोन ओळींमधलं अंतर, आणि सगळ्यात खालची फांदी जमिनीपासून किती वर आहे ते. शिवाय उताराचा कोन. दोन मीटरची सरळ फळी उताराच्या दिशेने धरायची, पाणसळीने पातळीत आणायची आणि अधांतरी टोकापासून जमिनीपर्यंत मोजायचं. ५४ सेंटीमीटर भरले तर उतार १५ अंशांचा.

टॉपलिंक

+१. मापं येईपर्यंत एचपीबद्दल थोडं लिहितो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा. अवजार फिरतं ते पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकावर, आणि तिथे पोचेपर्यंत त्यातला साधारण ८० ते ९० टक्केच उरतो. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअरबॉक्स असेल तर खालच्या बाजूला धरा. म्हणजे २५ चा ट्रॅक्टर पीटीओवर विसाच्या आसपास. माहितीपत्रकात पीटीओ एचपी वेगळा दिलेला असतो, तोच वाचायचा.

उंच, जाड गवत आणि झुडपं कापणाऱ्या स्लॅशरला ढोबळ हिशेब असा, की रुंदीच्या दर फुटाला ५ पीटीओ एचपी. चार फुटी स्लॅशरला २०, पाच फुटीला २५. वेळेवारी कापलेल्या मऊ गवताला याहून पुष्कळ कमी पुरतं. आता बघा, एक फूट जास्त रुंदीने हाती काय लागतं. ताशी ४ किलोमीटर चाललात तर चार फुटी (१.२ मीटर) पातं तासाला ४८०० चौरस मीटर कापतं. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे यांत वीस टक्के गेले असं धरलं तर ३८४० उरतात. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. तेव्हा एकराला तासाच्या थोडं वर. पाच फुटी असेल तर पन्नासेक मिनिटं. तुमच्या पावणेतीन एकराला एकूण फरक अर्ध्या तासाचा. तेवढ्यासाठी ३५ चं धूड वर्षभर पोसायचं का, ते तुम्ही ठरवा.

आणि ट्रॅक्टर ओढतो तो वजनावर. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की बाकीची ताकद नुसती माती उकरते. तेच वजन ओल्या गवतावर चाकोऱ्या पाडतं. रस्त्यावर फळी ओढताना जड ट्रॅक्टर बरा, गवतावर हलका बरा, आणि तुम्हाला दोन्ही एकाच ट्रॅक्टरवर करायचंय. तुमची खरी अडचण ही आहे.

हिरवळ

गिअरबॉक्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. कामांत माती-खडी वाहणं आहे, म्हणजे पुढे लोडर, माती उचलणारी बकेट, आलाच. लोडरचं काम म्हणजे पुढे, मागे, पुढे, मागे. साध्या गिअरमध्ये प्रत्येक वेळी क्लच दाबायचा आणि गिअर बदलायचा. तासाभरात डाव्या गुडघ्याचं काय होतं ते मला विचारा. हायड्रोस्टॅटिकमध्ये नुसतं पेडल. झाडाच्या बुंध्याशी अगदी गोगलगायीच्या चालीने जाता येतं, पाय उचलला की थांबतो, आणि पात्याचा वेग तसाच राहतो. गवत कापताना हे फार महत्त्वाचं, कारण दाट पट्टा आला की चाल कमी करायची असते, पात्याचा वेग नाही.

तोटेही सांगते. थोडी ताकद खातो, सतत गुंई आवाज करतो, तेल आणि फिल्टर महाग आणि ते चुकवून चालत नाही. बॅटरी बसली तर ढकलून सुरू होत नाही. दिवसभर नांगर ओढायचा असता तर मी गिअरवालाच सांगितला असता.

गंजलेला नट

बरं. ३५ चं विधान सायलेन्सरसकट मागे.

बांधावरचा

मापं आणली. फाटक २.४ मीटर. शेडचं दार २.१ मीटर उंच. झाडांच्या ओळींत साडेचार मीटर, पण फांद्या आत आल्यात, मोकळी जागा अडीच मीटरच. खालची फांदी १.७ मीटरवर. उतारावर फळी धरली, ५० सेंटीमीटर भरले.

फळी धरायला घरातल्यांना उभं केलं होतं. ट्रॅक्टर यायच्या आधीच घरात त्याच्याबद्दलचं मत खराब झालंय.

दुसरं म्हणजे लोडरची क्षमता एका पत्रकात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा, ट्रॅक्टर जवळपास सारखेच. का?

टॉपलिंक

मोजायची जागा वेगळी. बकेट ज्या पिनवर फिरते त्या पिनशी मोजलं की आकडा मोठा येतो, पिनेपुढे अर्ध्या मीटरवर मोजलं की छोटा. तुमची माती पिनेवर बसणार नाही, बकेटीत पुढेच बसणार, म्हणून छोटा आकडा खरा मानायचा. मागच्या लिफ्टचंही, म्हणजे अवजार उचलणाऱ्या दांड्यांचंही (लिंक), तसंच. खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेलं आणि तिथून ६१ सेंटीमीटर मागे मोजलेलं, यांत बराच फरक पडतो. स्लॅशरचं वजन मागे लांबवर पसरलेलं असतं, तेव्हा तिथेही छोटाच आकडा धरा.

बकेट दोनशे लिटरची असेल आणि खडीने काठोकाठ भरली तर वजन सव्वातीनशे किलोच्या घरात जातं. एवढं पुढे टांगलं की मागची चाकं हलकी होतात. आता नीट वाचा, कारण हे विक्रेता सांगत नाही. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागची चाकं हलकी झाली आणि तुम्ही उतारावर असाल, तर ब्रेक लागतो पण ट्रॅक्टर थांबत नाही, लॉक झालेल्या चाकांवर घसरत जातो. फोर व्हील लावलेली असेल तर तो ब्रेक पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. म्हणून भरलेली बकेट घेऊन उतार उतरताना फोर व्हील लावलेलीच हवी, बकेट जमिनीपासून वीतभर वर, त्याहून उंच नाही.

आणि मागे वजन. टायरमध्ये पाणी भरतात, तीन चतुर्थांश टायर भरेल इतकं. ते चांगलंच, वजन खाली राहतं आणि ट्रॅक्टर जमिनीला धरून चालतो. (मिठाचं द्रावण भरलंत तर रिमला गंज चढतो, ते वेगळं.) पण टायरमधलं पाणी पुढच्या एक्सलवरचा भार कमी करत नाही. तो कमी करायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे टांगायला हवं, तराजूच्या दांडीसारखं. ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या तीन कड्यांवर लटकवलेला ठोकळा हेच करतो. लोडर लावाल तेव्हा मागे काहीतरी टांगलेलं हवंच, निदान अवजार तरी.

नुसताच वाचक

मी काही ट्रॅक्टर घेणार नाही, गॅलरीत चार कुंड्या आहेत. तरी वाचनखूण साठवली. एक शंका: फोर व्हील एवढी चांगली तर कायम लावूनच का ठेवत नाहीत?

दोन पान्हे

कारण पुढची चाकं मुद्दाम किंचित पुढे पळतील अशी बसवलेली असतात. मागच्यांपेक्षा दोन-चार टक्के जास्त. मऊ मातीत ती थोडी घसरतात आणि ट्रॅक्टरला पुढे खेचतात. डांबरावर किंवा फरशीवर घसरायला जागा नाही, मग ताण गिअरमध्ये साठतो आणि टायर झिजतात. वळताना ट्रॅक्टर अडखळल्यासारखा करतो, तेव्हा समजायचं.

यातूनच माझा दुसरा पराक्रम. पुढचे टायर झिजले. दुकानदार म्हणाला, हे जवळपास त्याच मापाचे आहेत. बसवले. थोड्याच दिवसांत फोर व्हीलचा दांडा लावला की निघेना. मागे-पुढे हलवून, शिव्या घालून काढावा लागे. पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण बिघडलं होतं. टायर बदलताना जवळपास हा शब्द ऐकला की मी आता उठून बाहेर येतो.

जुनं धुराडं

अवांतर: ज्या तीन कड्यांबद्दल सगळे बोलताहेत ती हॅरी फर्ग्युसन याची देणगी. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळदंडासारखा ओढला जाई. फाळ खडकात अडकला की मागची चाकं फिरायची थांबत नसत आणि ट्रॅक्टरच पुढून उठून चालवणाऱ्यावर उलटे. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार जोडलं. अडथळा आला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे दाबते, त्यामुळे नाक खाली राहतं. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही रचना आली, १९४६ पासून त्याच्या स्वतःच्या टीई-२० वर. आजच्या छोट्या ट्रॅक्टरवरही तीच.

म्हणून धागाकर्त्यांना हात जोडून विनंती. वाळलेली फांदी किंवा बुंधा ओढायचा तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला (मागे ओढण्यासाठी असलेली पट्टी). वरच्या दांडीच्या जागी किंवा एक्सलला बांधलीत तर १९३९ च्या आधीच्या काळात जाल. आणि रोल बार उभी असेल तेव्हा पट्टा बांधलेला हवा. बार दुमडलेली असताना बांधायचा नाही, कारण मग पट्टाच तुम्हाला ट्रॅक्टरखाली धरून ठेवतो.

बांधावरचा

धुराडेकाका, हे चित्र आता डोळ्यांसमोरून जात नाहीये.

उताराचं काय करू? १४ अंश आला.

हिरवळ

माझं मत, आडवं चालवायचं नाही. वर-खालीच, आणि चढताना शक्यतो उलटं, म्हणजे जड बाजू वरती राहते. मागच्या चाकांतलं अंतर वाढवता येत असेल तर वाढवा. उंदराचं बीळ किंवा गवतात लपलेला एक दगड वरच्या चाकाखाली आला की १४ चे १८ व्हायला वेळ लागत नाही. मला विचाराल तर उतारावरचं गवत कापूच नका. तिथे झाडोरा वाढू द्या, मातीही धरून राहील.

टायर आर-४ घ्या. आर-१ म्हणजे शेतीचे, खोल नक्षीचे, ते वळताना गवत सोलून काढतात. आर-३ खास हिरवळीचे, पण ओल्या मातीत नुसते घसरतात. आर-४ कशातच उत्तम नाही आणि कशातच वाईट नाही.

गंजलेला नट

खड्ड्यांबद्दल मी बोलू का, त्यात मी खरोखर पोळलोय. ट्रॅक्टरमागचा ऑगर (खड्डे पाडणारा मोठा पेच) खाली दाबला जात नाही, तो आपल्या वजनाने आणि पेचाने आत जातो. मऊ माती लागली की बाटलीच्या बुचातल्या स्क्रूसारखा घुसतो आणि रुततो. मग लिफ्टही उचलत नाही. पीटीओ बंद, इंजिन बंद, मोठा पाइप पाना लावून हाताने उलटा फिरवत बसायचं. एकदा मी अख्खी दुपार एका भोकाशी काढलीय. तेव्हा वीतभर खाली, वर काढून माती झटक, पुन्हा वीतभर. मुळी-दगड असतील तर शिअर बोल्ट तुटणार. तुटू द्यावा, तो तुटण्यासाठीच असतो. त्याच्या जागी कडक बोल्ट ठोकू नका, पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटेल.

पण दीडशे खड्डे एकदाच करायचेत ना? मग ऑगर भाड्याने आणा. बॉक्स ब्लेड (रस्ता उकरून सपाट करणारी दातांची पेटी) विकत घ्या. रस्ता प्रत्येक पावसानंतर बिघडणारच आहे.

दोन पान्हे

नट पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला. बॉक्स ब्लेडला पूर्ण पाठिंबा. दात खाली घेऊन कठीण झालेला थर आधी उकरायचा, मग दात वर घेऊन पसरायचं. नुसती खडी टाकून खड्डा बुजवला तर तो त्याच जागी परत येतो, कारण तळ तसाच कडक राहिलेला असतो. आणि रस्त्याचा मध्य थोडा उंच ठेवा, पाणी दोन्हीकडे जाईल. टॉप लिंक, म्हणजे वरची दांडी, आखूड केली की दात जास्त घुसतात, लांब केली की मागची धार सपाटी करते. हे हाताला बसायला दोन-तीन फेऱ्या लागतात, तोवर रस्ता लाटांसारखा होतो. घाबरू नका.

टॉपलिंक

पीटीओ शाफ्टबद्दल, म्हणजे पीटीओ आणि अवजार जोडणाऱ्या फिरत्या दांड्याबद्दल, न लिहिता जाववत नाही. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे. उघड्या दांड्याची जाडी ३५ मिलिमीटर, घेर ११ सेंटीमीटर. सदऱ्याचं टोक अडकलं तर एका सेकंदात मीटरभर कापड आत. हात काढायला वेळच नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं की त्या दिवशी काम बंद, आवरण बदलेपर्यंत. चालू शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही, कितीही घाई असो.

दुसरं, नवीन अवजाराचा शाफ्ट बहुतेक वेळा लांब असतो आणि कापून घ्यावा लागतो. माझ्या पहिल्या स्लॅशरचा मी तसाच जोडला. जोडला गेला, म्हणून मी खूश. लिफ्ट उचलली तशी टक् झालं आणि ट्रॅक्टरच्या मागच्या सीलमधून तेलाची एक बारीक धार जमिनीवर. शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून भिडल्या होत्या, आणि मग जोर बेअरिंगवर गेला. कापायचं माप अवजार अशा उंचीवर ठेवून घ्यायचं जिथे शाफ्ट सरळ आडवा येतो, कारण तिथेच अंतर सगळ्यात कमी. तेव्हाही नळीला आत दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा राहायला हवी. आणि सगळ्यात लांब ताणल्यावर निदान एक तृतीयांश भाग एकमेकींत हवा.

स्लॅशरला ओव्हररनिंग क्लच आहे ना बघा. गिअरवाल्या ट्रॅक्टरवर तर विचारूनच घ्या. नाहीतर क्लच दाबल्यावरही पात्याचा भोवरा ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो, आणि पुढे नेमकं कुंपण असतं.

बांधावरचा

महिनाभर गायब होतो, क्षमस्व. घेतला एकदाचा.

इंजिन २५, पीटीओवर २०. हायड्रोस्टॅटिक, फोर व्हील, आर-४. लोडर, चार फुटी स्लॅशर, बॉक्स ब्लेड. ऑगर भाड्याने आणून खड्डे झाले, तीन शिअर बोल्ट गेले, नटचं स्मरण केलं. थोडा वापरलेला मिळाला, तेव्हा बघायला जाताना आधीच निरोप दिला, की मी येईपर्यंत सुरू करू नका. इंजिन थंड आहे ना ते बॉनेटला हात लावून पाहिलं, मग सुरू करवला. बकेट वर उचलून इंजिन बंद केलं आणि पाव तास गप्पा मारल्या, चार बोटंसुद्धा खाली आली नाही. इंजिन किती तास चाललं त्याचा आकडा कमी होता, आणि पेडलचं रबर न झिजलेलं होतं, म्हणजे आकडा खरा असावा. (आधी पाहिलेल्या एकाचा आकडा याच्याहून कमी आणि पेडल आरशासारखं गुळगुळीत होतं. तिथून चहाही न घेता निघालो.)

रोल बार उभी केली की शेडच्या दाराशी अडीच इंच राहतात. झाडांमधून आरामात जातो. खालच्या फांद्या मात्र आधीच कापून घेतल्या. दोन पान्हे यांचा सायलेन्सर विसरलो नाही.

मागचं वजन घरीच केलं. दोनशे लिटरचा पिंप भरून काँक्रीट टाकणार होतो, मग हिशेब केला तर पावणेपाचशे किलो झाले असते, लिफ्टला न पेलणारे. अर्धाच भरला, २४० किलो. ओतायच्या आधी आरपार लोखंडी गज घातला खालच्या दोन लिंकसाठी आणि वर टॉप लिंकसाठी दोन पट्ट्या. पण एक चूक झाली. घरात होता तो २५ मिलिमीटरचा गज घातला. खालच्या लिंकचं भोक २२ च्या पिनेचं. काँक्रीट सुकल्यावर कळलं.

टॉपलिंक

हाहा. कॅटेगरी १ ला (छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीचं माप) खाली २२, वर १९. काँक्रीट फोडू नका. गजाची दोन्ही टोकं लेथवर २२ ला उतरवून घेता येतील, पण पिंपासकट लेथवर चढवणार कसे हा प्रश्न आहे.

दोन पान्हे

चढवायचं कशाला. टोकं कापा आणि २२ च्या पिना पट्टीवर वेल्ड करून पट्ट्या गजाला वेल्ड करा. वेल्डिंग भरपूर, भार बराच आहे. आणि लिंच पिना (जोडणी निसटू न देणाऱ्या छोट्या खिळ्या) डझनभर घेऊन ठेवा. गवतात पडली की सापडत नाही, सापडते ती स्लॅशरला.

बांधावरचा

दोन आजच हरवल्या.